ओखामंडळच्या हिशेबात न आलेली समुद्रगाय

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ओखामंडळाचं नाव दोनच कारणांनी निघायचं. एक द्वारकेची यात्रा आणि दुसरं बदली. आमच्याकडे तर कुणाला "ओख्याला टाकलंय" असं कळलं की बायका हळहळायच्या. गोड्या पाण्याचे हाल, झाड म्हणून दिसायचं नाही, नुसता वारा आणि मीठ. पण आज लिहायचंय ते त्या बदल्यांबद्दल नाही. त्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात एक मोठं, लाजाळू जनावर राहतं. मासेमारीच्या जाळ्यांनी ते किती मारलं, हे आता शास्त्रज्ञ मोजायला बघतात आणि मोजता मोजता अडतात. त्या अडण्याचा धागा आपल्या गायकवाडी कारभारापर्यंत जातो. म्हणून इथे लिहितो.

नव्या पिढीसाठी थोडं मागचं. बडोदा संस्थान सलग नव्हतंच, तुकड्या-तुकड्यांचं होतं. बडोदा, नवसारी, कडी, अमरेली असे प्रांत, आणि काठियावाडच्या पार पश्चिम टोकाला ओखामंडळ, जे पुष्कळ काळ अमरेलीच्या सुभ्याखाली होतं. द्वारका त्यातच, बेट द्वारकाही त्यातच. १८१७ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख गायकवाडांच्या हवाली केला. तिथले वाघेर लोक कुणाचीच सत्ता मुकाट्याने मानणारे नव्हते. १८५९ मध्ये इंग्रजी फौजेने बेट आणि द्वारका तोफा डागून घेतली, आणि मुळू माणेक १८६८ मध्ये पडला तेव्हा कुठे ते बंड निवलं. वाघेरांची बाजू आपल्या घरांत फारशी कुणी सांगितली नाही. 'वाघेर म्हणजे लुटारू' एवढ्यावर आपलं काम भागलं. तोही एक विषय आहे, पुन्हा केव्हातरी.

माझ्या आईचे आजोबा बेटात जकातीवर कारकून होते. आलेलं गलबत, उतरलेला माल, त्यावरची जकात, हेच त्यांचं आयुष्य. आजी सांगायची की त्यांना समुद्राची एवढी सवय झाली होती, पण मासा म्हणून घरात कधी शिरला नाही. वहिवटदार, फौजदार, मास्तर, कारकून असे आपले पुष्कळ लोक तिथे राहिले आणि तरी समुद्राकडे पाठ करून राहिले. त्यात दोष काही नाही. ब्राह्मण-प्रभू कारकुनांना पाण्याखाली काय आहे हे कळायचं कारणच नव्हतं. ते ठाऊक होतं वाघेरांना आणि खारव्यांना.

दरबारला मात्र एक गोष्ट कळली होती, की या ओसाड मुलखात पिकतं ते समुद्रातच. सयाजीराव महाराजांच्या कारभाराची रीत सगळ्यांना माहीत आहे. एखाद्या गोष्टीतलं आपल्याला कळत नसेल तर कळणारा माणूस आणायचा, त्याच्याकडून अहवाल लिहून घ्यायचा. ओखामंडळच्या समुद्रासाठी आणला जेम्स हॉर्नेल. हा गृहस्थ सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केलेला, पुढे मद्रासच्या मत्स्यखात्याचा प्रमुख झाला, आणि होड्यांचा अभ्यासक म्हणून तर जगभर नाव कमावलं. १९०५-०६ मध्ये तो ओखामंडळात फिरला. बडोदा सरकारला सादर केलेला त्याचा सागरी प्राणिशास्त्राचा अहवाल लंडनमध्ये छापला गेला, पहिला भाग १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये. गोळा केलेले नमुने त्याने निरनिराळ्या तज्ज्ञांकडे पाठवले. स्पंजांवर आर्थर डेंडीने लिहिलं. आजही कच्छच्या आखातातल्या स्पंजांवर कुणी प्रबंध लिहायला घेतला तर मागे जात जात त्याला हॉर्नेलच्या त्या संग्रहापाशी पोचावंच लागतं. एका संस्थानाने आपल्या पैशाने एवढं काम करून घ्यावं, याचा मला बडोदेकर म्हणून अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

पण दरबारचा प्रश्न मुळात उत्पन्नाचा होता. मोती किती निघतील? शंखाचं उत्पन्न वाढेल का? हे शंख ओहोटीच्या वेळी वाघेर हाताने वेचायचे, आणि ते जायचे थेट बंगालला, तिथल्या सवाष्णींच्या बांगड्यांसाठी. हॉर्नेलने पुढे शंखावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. शिवाय काचशिंपले होते, चपटे, अर्धपारदर्शक. गोव्याकडच्या वाचकांना हे शिंपले चांगले ठाऊक असतील, तिकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी तेच बसवलेले आहेत. तर शंख, मोती, शिंपले, मीठ, मासळी, प्रत्येकाला वहीत जागा होती कारण प्रत्येकातून काही ना काही वसूल होत होतं.

समुद्रगाय कशातच बसत नव्हती.

हिला इंग्रजीत डुगाँग म्हणतात. मराठीत घरचा म्हणावा असा शब्द मी तरी ऐकलेला नाही, 'समुद्रगाय' हा पुस्तकी आहे. गुजरातीत 'दरियाई गाय', तमिळमध्ये 'कडल पसु', म्हणजे पुन्हा समुद्रातली गायच. आणि नाव चुकीचं नाही. हा मासा नव्हे, सस्तन प्राणी. लांबी तीन मीटरपर्यंत, वजन तीन-चारशे किलो, तोंड खाली वळलेलं, आणि काम एकच, समुद्रतळाचं गवत चरणं. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत लागतं. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे, खरोखरची फुलं येणारी वनस्पती, आणि ती वाढते फक्त ऊन पोचेल अशा उथळ पाण्यात. बेट, पोशित्रा, भैदर, अजाड या भागांत अशी कुरणं आहेत. जनावर चरून गेलं की गवतात नांगरासारखी एक पट्टी उमटते. जनावर दिसलं नाही तरी त्या पट्टीवरून ते येऊन गेलं हे ओहोटीला कळतं.

आता तिचं गणित बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मादी पहिल्यांदा विते ती लवकरात लवकर सहाव्या-सातव्या वर्षी, कित्येकदा पंधरा-सतराव्या. पोटात वाढ तेरा-चौदा महिने. एका वेळी एकच पिल्लू, आणि ते दीड वर्ष आईच्या दुधावर. दोन वेतांत अडीच ते सात वर्षांचं अंतर. आयुष्य मात्र सत्तर वर्षांपर्यंत. ऑस्ट्रेलियात हेलेन मार्श यांनी आयुष्यभर या प्राण्याचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की सगळं अगदी मनासारखं जुळून आलं तरी यांचा कळप वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त वाढत नाही. म्हणजे शंभर असतील तर पाच. आणि दर वर्षी सगळं मनासारखं कुठे जुळतं?

असल्या जनावराला वाघ-सिंहाची भीती नसते. भीती असते ती श्वासाची. दर काही मिनिटांनी वर येऊन नाक उघडावं लागतं. पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं, ज्याला गिलनेट म्हणतात, ते माशासाठी लावलेलं असतं. रात्री चरायला आलेली समुद्रगाय त्यात शिरते, गुंडाळली जाते, वर येता येत नाही आणि बुडून मरते. समुद्रात जन्मलेला प्राणी समुद्रात बुडून मरतो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे खरंच वाटलं नव्हतं.

मग प्रश्न असा, की जाळी तर हजारो वर्षांची, मग आत्ताच काय झालं? झालं ते नायलॉन आणि इंजिन. सुताची, तागाची जाळी जाड असत, भिजून जड होत, कुजत, आणि तीन-चारशे किलोच्या जनावराने जोर केला तर फाटतही. शिडाची होडी आणि हाताने ओढायचं जाळं म्हटल्यावर जाळ्याच्या लांबीलाही मर्यादा होती. स्वातंत्र्यानंतर ते सगळं बदललं. नायलॉन कुजत नाही, पाण्यात दिसत नाही आणि तुटत नाही. यंत्राच्या होडीवर कितीही जाळं मावतं. तुटून वाहून गेलेला तुकडासुद्धा वर्षानुवर्षं पाण्यात मासे आणि कासवं मारत राहतो. ट्रॉलर तळ खरवडतो, गाळ उसळतो, आणि गवताला ऊन मिळत नाही. म्हणजे एक जाळं जनावर मारतं, दुसरं त्याचं कुरण.

नेमका हाच काळ आपल्या दप्तराच्या खंडाचा आहे. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. ओखामंडळ जामनगर जिल्ह्यात गेलं, २०१३ पासून देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे. आपली माणसं परत बडोद्याला आली, कुणी निवृत्त, कुणी दुसऱ्या खात्यात. संस्थानाचं स्वतःचं मत्स्यखातं होतं, तेही संपलं. शंखांचे आकडे तरी जुन्या कागदांत राहिले. पण यंत्रं येण्याआधी आखातात समुद्रगायी किती होत्या, आणि वर्षाकाठी किती जाळ्यात यायच्या, हा रकाना कुणी आखलाच नाही. ना गायकवाडांनी, ना शेजारच्या जामसाहेबांनी, ना इंग्रजांनी.

तेव्हा आज मोजायचं म्हणजे कशाशी ताडून मोजायचं? १९६३ मध्ये लाल मोहन यांनी कच्छच्या आखातातल्या समुद्रगायीची नोंद प्रसिद्ध केली. १९९० मध्ये फ्रेझियर आणि मुंडकूर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिथल्या नोंदी एकत्र केल्या. आणि २०१० मध्ये गांधीनगरच्या गीर फाउंडेशनने देशभरचा अंदाज मांडला. तमिळनाडूच्या किनाऱ्याला ७७ ते १५८, अंदमान-निकोबारला ४४ ते ८१, आणि आपल्या कच्छच्या आखातात १० ते १५. एवढीच. एका बैठ्या चाळीत राहतील इतकी.

हा अंदाज मुख्यतः कोळी-खारव्यांना विचारून काढलेला आहे. त्याला दुसरा इलाज फारसा नाही. ऑस्ट्रेलियात विमानातून मोजतात, कारण तिथे पाणी नितळ आणि जनावरं हजारोंनी. आपल्या आखातात भरती-ओहोटी एवढी जबरदस्त, की पाणी कायम गढूळ. वरून बघितलं तर तपकिरी चहा. त्यातून पंधरा जनावरं, पाच-पाच मिनिटांनी क्षणभर नाक वर काढणारी. आता ड्रोन आले आहेत, किनाऱ्याला लागलेल्या मृत जनावरांची तपासणी होते, गवतातल्या त्या चरण्याच्या पट्ट्या मोजतात. हे सगळं जोडूनही हाती जे येतं तो अंदाजच असतो.

मासेमारीचा परिणाम किती, हे ठरवण्याची एक पद्धत अमेरिकेने १९९४ मध्ये आपल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यात घातली. ती समजायला सोपी आहे, आपल्या जुन्या कारकुनांनाही आवडली असती. जनावरांची किमान संख्या घ्यायची. तिला वाढीच्या कमाल वेगाच्या निम्म्याने गुणायचं. मग सावधगिरीचा एक आकडा लावायचा, जो संकटातल्या प्राण्यासाठी साधारण ०.१ धरतात. येईल ते उत्तर म्हणजे माणसाच्या हातून वर्षाला जास्तीत जास्त किती मेली तरी कळप सावरेल, त्याची मर्यादा.

आपण करून बघू. वरचाच आकडा धरा, १५. वाढ पाच टक्के, तिचं निम्मं ०.०२५. गुणिले ०.१. उत्तर ०.०३७५. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षांत एक!

मी हे गणित कागदावर तीन वेळा केलं. सावधगिरी जरा सैल सोडून ०.१ च्या जागी ०.५ धरलं तरी सव्वापाच वर्षांहून थोड्या जास्त काळात एक. म्हणजे कुणी म्हणालं, "अहो, वर्षाला एखाद-दुसरी सापडते जाळ्यात, त्यात एवढं काय", तर ते 'एखाद-दुसरी' हेच सगळ्या कळपाच्या मुळावर येणारं आहे. व्यापारी मासेमारीवर बोलताना आपण टनांत आणि कोटींत बोलतो. इथे अख्खा हिशेब एका जनावरावर येऊन थांबतो. आणि जिथे मर्यादा सत्तावीस वर्षांत एक आहे, तिथे आणखी दहा वर्षं निरीक्षण करून मग आकडा नक्की करू, असं म्हणण्याला अर्थ उरत नाही. आकडा नक्की होईल तेव्हा मोजायला काही असेलच असं नाही.

आता खारव्यांची बाजू. ती ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. काही वर्षांपूर्वी द्वारकेला गेलो असताना रूपेण बंदरावर एका वयस्क खारव्याशी बोलत बसलो होतो. बडोद्याचा म्हटल्यावर "तमे तो गायकवाडी" म्हणून हसला, चहा मागवला. दरियाई गाय पाहिलीय का विचारलं तर आधी म्हणाला नाही. चहा संपता संपता म्हणाला, बापाने पाहिली होती. आणि उठताना म्हणाला, "साहेब, जोई होय तोय कोण कहे?" पाहिली असली तरी सांगणार कोण?

त्याचं चूक नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात समुद्रगाय पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. मारली तर तीन ते सात वर्षं कैद. कायदा हवाच. पण जाळ्यात आपोआप सापडून मेलेलं जनावर घेऊन बंदरात यावं आणि नोंद करा म्हणावं, एवढा भोळा कोण असेल? तो जाळं कापतो, मढं समुद्रात सोडतो आणि गप्प बसतो. म्हणजे ज्याच्याकडे खरी माहिती आहे त्यानेच गप्प राहावं अशी व्यवस्था, आणि शास्त्रज्ञाने त्यालाच विचारून संख्या काढायची. शिवाय कापलेलं जाळं त्याच्या खिशातलं असतं. कर्जावर घेतलेलं. ते कोण भरून देणार?

सगळं खापर मासेमारीवर फोडणंही बरोबर नाही. आखाताच्या दक्षिण काठाला बंदरं झाली, तेलाच्या पाइपलाइनी आणि शुद्धीकरण कारखाने झाले, मिठागरं वाढली, सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली गेली. खुद्द ओख्याचं बंदर गायकवाडांनीच १९२० च्या दशकात बांधलं, आणि १९३९ पासून मिठापूरला टाटा केमिकल्स आहे. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, देशातलं पहिलं, पण उद्यानाची हद्द नकाशावर असते, गाळ आणि जनावर ती पाळत नाहीत. एवढं असूनही जाळ्याचा मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण कुरण सुधारायला दशकं लागतात आणि जाळ्यात बुडायला काही मिनिटं पुरतात.

काहीच होऊ शकत नाही असं मात्र समजू नका. याच किनाऱ्यावर त्याचं उत्तर अर्धंमुर्धं सापडलेलं आहे, पण दुसऱ्या प्राण्यासाठी. देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, हा मासाच आहे, सस्तन नव्हे, पण अजस्र. तिच्या यकृताच्या तेलासाठी वेरावळच्या बाजूला तिची मोठी शिकार चालायची, ते तेल होड्यांना लावत. माइक पांडे यांची 'शोर्स ऑफ सायलेन्स' ही फिल्म आली, २००१ मध्ये शिकारीवर बंदी आली. पण बंदीने जे झालं नसतं ते २००४ पासूनच्या मोहिमेने झालं. मोरारीबापूंनी कथेतून सांगितलं, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका. तिचं नाव ठेवलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. आणि नुसतं भावनेवर सोडलं नाही. जाळं कापून तिला सोडलं तर वनखातं जाळ्याची भरपाई देतं. पुढे खारव्यांना कॅमेरे दिले, सोडतानाचा फोटो हाच पुरावा. आता शेकडो देवमुशी अशा सुटलेल्या आहेत. म्हणजे जो माणूस लपवत होता तोच नोंद करू लागला. मला यातली भरपाईपेक्षाही नोंद महत्त्वाची वाटते.

समुद्रगायीसाठी साधारण त्याच वाटेने काम चालू आहे. भारताने २००८ मध्ये डुगाँग वाचवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. २०१६ पासून डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था गुजरात, तमिळनाडू आणि अंदमान अशा तिन्ही ठिकाणी खारव्यांना, तटरक्षक दलाला बरोबर घेऊन माहिती गोळा करते. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. त्याच वर्षी चीनच्या किनाऱ्यावरून हा प्राणी जवळजवळ नाहीसाच झाल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. तिथेही कारणं जाळ्यांची, शिकारीची आणि गेलेल्या गवताची. आणि हिचीच एक थोरली बहीण, उत्तर पॅसिफिकमधली स्टेलरची समुद्रगाय, १७४१ मध्ये युरोपियनांना दिसली आणि १७६८ पर्यंत संपली. सत्तावीस वर्षांत. वरच्या गणितातली सत्तावीस आणि ही सत्तावीस यांचा संबंध काही नाही, निव्वळ योगायोग, पण लिहिताना हात थबकला खरा.

वही नसली की काय होतं ते सांगितलं. वही खोटी असली की काय होतं तेही आपल्याच समुद्रात घडलेलं आहे. अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक वेगळा कळप आहे. इतर देवमासे ध्रुवाकडे स्थलांतर करतात, हा कळप वर्षभर इथेच. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत तांड्यांनी दहा दिवसांत ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर २३८ देवमासे मारले, आदल्या वर्षीचे ४ धरून २४२. आंतरराष्ट्रीय मंडळाला दिलेल्या आकड्यांत हे नव्हतं. खरे आकडे तिथल्याच शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेले, ते १९९० च्या दशकात बाहेर आले. तोवर तीस वर्षं जगाला कळत नव्हतं की या कळपाला झालंय काय. आज ओमानकडे त्यांची संख्या ८२ च्या आसपास मानतात, आणि तिथल्या तीस-चाळीस टक्के देवमाशांच्या शेपटीवर जाळ्यात अडकल्याचे व्रण आहेत. यातली 'लुबान' नावाची एक मादी २०१७ मध्ये उपग्रहाचं यंत्र लावल्यामुळे कळली. ओमानहून निघून अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोरून थेट कन्याकुमारीकडे गेली. गोवेकर मंडळींनो, तुमच्या दारावरून गेली ती.

खोटी का असेना, सोव्हिएतांच्या मागे खरी वही कुठेतरी होती, म्हणून निदान तोटा किती झाला ते कळलं. आपल्या आखातापुरतं तसं काही एका जागी नाही. मात्र विखुरलेलं असू शकतं. जुन्या काळचा समुद्र कसा होता हे शोधणारे अभ्यासक आजकाल जहाजांच्या रोजनिशा, जकातीच्या वह्या, खाजगी पत्रं असलंच काही वाचतात. जगात बऱ्याच ठिकाणी जुन्या मासळीचा अंदाज त्यावरूनच बांधला गेला आहे. आणि ओखामंडळच्या बाबतीत असले कागद कुणाकडे असतील तर आपल्याकडेच. कोठी कचेरीतलं सरकारी दप्तर आहे तिथे आहे. मी म्हणतोय ते माळ्यावरच्या ट्रंकेबद्दल.

ज्यांचे आजोबा-पणजोबा द्वारका, बेट, आरंभडा, वरवाळा, पोशित्रा इथे नोकरीला होते त्यांनी जरा बघावं. घरी पाठवलेली पत्रं, खाजगी टिपणं, जत्रेचे-बंदराचे फोटो. मोडीत असलं तरी चालेल, वाचणारे दोघे-तिघे आपल्यात आहेत. त्यात 'किनाऱ्याला मोठं जनावर लागलं', 'खारव्यांनी गायीसारखा मासा आणला', 'लोक बघायला गेले' असली एखादी ओळ असेल तर तारीख-गावासकट ती फार मोलाची आहे. पणजोबांच्या ज्या दोन वह्या आमच्याकडे आहेत त्या मी चाळल्या. गलबतं आहेत, खजूर आहे, तूप आहे, नारळ आहेत. आमच्या मामांकडे आणखी एक पेटी आहे म्हणतात, ती दिवाळीत उघडायची ठरली आहे.

मूळ कागद कुणालाही देऊ नका, मलाही नको. मोबाइलवर फोटो काढा, मागच्या बाजूचाही काढा, कारण तारीख पुष्कळदा मागे असते.